उल्लास साक्षरता परीक्षेची नोंदणी: सीमाभागातील मराठी अर्जदार कुठे अडतात

केंद्र सरकारचा ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ 2022-23 ते 2026-27 या पाच आर्थिक वर्षांसाठी आहे. वयाची 15 वर्षे पूर्ण झालेल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या कोणालाही त्यात नाव नोंदवता येते. त्यासाठी शुल्क नाही. नोंदणी गावात येणारे सर्वेक्षक किंवा उल्लास ॲप यांच्यामार्फत होते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील वाड्यांवरून किंवा येळ्ळूर, उचगावसारख्या गावांतून येणाऱ्या बायका पहिला हेलपाटा घालतात तो शाळेच्या दाखल्यासाठी. जी शाळेची पायरीच चढली नाही, तिच्याकडे दाखला कुठून असणार? तो लागतच नाही. कोणी मागितला तर नम्रपणे, पण ठामपणे, कोणत्या नियमानुसार तो मागता हे विचारावे. दोन-तीन इयत्ता शिकून अक्षरे विसरलेल्या माणसांनीही मागे फिरू नये. समजून वाचता आणि लिहिता येते की नाही, यावरच साक्षरता ठरते; कधीकाळी हजेरीपटावर नाव होते की नाही, यावर नव्हे.

खरी अडचण नावाची आहे. आधारवर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, मतदार यादीत कन्नडमधून इंग्रजीत उतरताना बदललेले आडनाव, असे एकाच बाईचे तीन अवतार आम्ही वारंवार पाहतो. नोंदणीच्या वेळी जे ओळखपत्र दाखवाल, त्यावरील नाव अक्षर न् अक्षर तसेच भरून घ्यावे आणि परीक्षेच्या दिवशीही तेच ओळखपत्र न्यावे. प्रमाणपत्रावर पुढे हेच नाव येते. आधार दुरुस्त करायचे असेल तर ते नोंदणीच्या आधी करावे, कारण नंतरच्या दुरुस्तीपायी माणसे महिनोन्‌महिने ताटकळतात आणि त्यांचा उत्साह मावळतो, हे पाहून फार वाईट वाटते.

दुसरी गोष्ट भाषेची. परीक्षा शिकणाऱ्याच्या प्रादेशिक भाषेत घेण्याचे धोरण आहे, परंतु आपण बोललो नाही तर कर्नाटकात कन्नड गृहीत धरले जाण्याचा धोका राहतो. म्हणून भाषेच्या रकान्यात मराठी लिहिले आहे का, हे स्वतः किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे. घरी मराठी बोलणाऱ्या आजीला कन्नड प्रश्नपत्रिका हाती देणे म्हणजे तिची साक्षरता तपासणे नव्हे.

मुदतीबाबतही घोटाळा होतो. 2027 हे वर्ष योजनेच्या समाप्तीचे आहे. परीक्षेच्या तारखा वेगळ्या जाहीर होतात, आणि त्या दिवशी केंद्रावर जाऊन नाव घालता येईल असे समजून बसू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मार्चच्या आसपासची परीक्षा हुकू नये म्हणून आधीच चौकशी करावी.

परीक्षा 3 तासांची, 150 गुणांची असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 गुण, आणि प्रत्येकात किमान 33 टक्के हवेत. एका भागात कमी पडलेल्यांना पुन्हा बसता येते, त्यामुळे त्यांनी वर्ग सोडू नये.

हे प्रमाणपत्र चौथी किंवा दहावीचे नाही, हे आधीच सांगावे. इयत्तेची पातळी हवी असल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ हे टप्पे असून ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. त्यांचा अर्ज वेगळा भरावा लागतो.