सिम्युलेटर आणि बोन लॅब: डाव्या हाताचं काय?

मेडिकल कॉलेज असो की मेयो हॉस्पिटल, नागपुरात ईएनटीचे रेसिडेंट जमले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आता सिम्युलेटर आहेत, मग टेम्पोरल बोन (कानाचं हाड) कशाला?’ आणि एखादे ज्येष्ठ सर तितक्याच ठसक्यात म्हणतात, ‘ते व्हिडिओ गेम बंद करा, बोनवर बसा.’ राजेहो, घोळ दोघांचाही एकच आहे. दोन्हीकडे मास्टॉइडेक्टमीचाच, म्हणजे कानामागचं हाड कोरण्याच्या ऑपरेशनचाच सराव होतो, म्हणून एक दुसऱ्याच्या जागी चालेल असं दोघांनीही धरलंय.

बोन लॅब तुम्हाला माहीतच आहे. देहदानातून मिळालेलं हाड, होल्डर, मायक्रोस्कोप, ड्रिल, पाणी. सिम्युलेटरमध्ये हाड पडद्यावर असतं आणि हातात पेनासारखं हॅप्टिक उपकरण. बर, म्हणजे ड्रिलचं फिरतं टोक, हाडाला टेकला की ते हाताला उलटं रेटतं. हॅम्बुर्गचा व्हॉक्सेल-मॅन घ्या, नाहीतर डेन्मार्कचा व्हिजिबल इअर सिम्युलेटर. या दुसऱ्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

खर्च, जागा, फॉर्मॅलिनचा वास यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खरं रक्त दोन्हीकडे वाहत नाही. एका देहातून हाडं दोनच मिळतात आणि ड्रिल केलेलं हाड संपतं. पडद्यावरचा कान हवा तितक्यांदा पुन्हा उघडा. हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी गोम डाव्या हातात आहे. बहुतेक सिम्युलेटरवर तुम्ही एकाच हाताने काम करता. पाणी आपोआप पडतं किंवा पडतच नाही, हाडाचा भुगा गायब होतो, पडदा कायम स्वच्छ. असा तयार झालेला रेसिडेंट बोनवर बसला की उजवा हात झकास चालतो, पण डाव्यातलं सक्शन-इरिगेशन (पाणी सोडणारी आणि ओढून घेणारी नळी) एकतर बरच्या मागे कुठेतरी रेंगाळतं, नाहीतर नेमकं नजरेच्या आड येतं. भुग्याचं पांढरं दुधाळ पाणी साचतं. मग ड्रिल थांबव, ओढून घे, परत सुरू कर.

हे किरकोळ वाटत असेल तर पेशंटच्या कानात काय होतं ते बघा. हाड पातळ होत गेलं की सिग्मॉइड सायनस (मेंदूकडून रक्त आणणारी मोठी शीर) निळसर दिसतो, ड्युरा (मेंदूचं आवरण) गुलाबी. बरचा आवाज बदलतो. हे रंग निवळ पाण्यातूनच दिसतात. लॅटरल कॅनालच्या (आतल्या कानातली तोल सांभाळणारी नळी) लगत खाली फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी नस) वळते; तिथे डायमंड बर पाण्याविना फिरला तर नुसत्या उष्णतेने नर्व्ह दुखावते, बर तिला लागायचीही गरज नाही. म्हणजे तोंड वाकडं होणं न होणं डाव्या हातावरही आहे. गोंदिया-गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतचे वाहते कान आपल्याकडे येतात, त्यामुळे ही वेळ प्रत्येकावर येणारच.

म्हणून सिम्युलेटरच्या स्कोअरचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकणारे दिसले की माझं डोकं फिरतं. त्या स्कोअरला तुमचा डावा हात ठाऊकच नाही. तसंच ‘ग्राफिक्स काय भारी आहेत’ म्हणून मशीन घेणारे.

पण पहिलंच हाड हातात घेऊन अँट्रम (कानामागच्या हाडातली मोठी पोकळी) शोधत बसणंही मला मंजूर नाही. देहदानातून आलेलं हाड त्यासाठी नसतं. टेगमेन (वरचं पातळ हाडाचं छत), सायनस, अँट्रम, लॅटरल कॅनाल, इन्कसचा (कानातल्या इवल्या हाडाचा) शॉर्ट प्रोसेस हा क्रम सिम्युलेटरवर पाठ करा, तिथे चुका, मग बोनला हात लावा. थ्रीडी प्रिंटेड हाड मी बोनच्याच बाजूला धरतो, कारण त्याला दोन्ही हात लागतात. काही प्लास्टिक वितळून बरला चिकटतं, तेवढं सोसा.

यातलं काहीच हाताशी नसेल तर अंड्यांचा ट्रे आणा. मायक्रोस्कोपखाली, उजव्या हातात ड्रिल आणि डाव्यात सक्शन-इरिगेशन घेऊन, आतला पापुद्रा न फाडता कवच काढा. अंडं उकडलेलं नको, कच्चंच घ्या. पापुद्रा फाटला की लगेच कळतं.