सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन: क्लाउडवरच्या ओळख-व्यवस्थेची बाजारपेठ कशी वाढली

नागपुरात मिहानमधल्या किंवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या एखाद्या मध्यम कंपनीला परदेशातलं काम मिळायची वेळ येते, तेव्हा कराराआधी एक लांबलचक प्रश्नावली येऊन पडते. आग विझवण्याच्या सोयीपासून बॅकअपपर्यंत सगळं तिच्यात विचारलेलं असतं. त्यातला एक प्रश्न हमखास अडवतो. कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याची सगळी लॉगिन किती वेळात बंद होतात, आणि ती बंद झाल्याचा पुरावा काय? एचआरने रिलीव्हिंग लेटर दिलेलं असतं, लॅपटॉप जमा झालेला असतो, ईमेलही बंद असतो. पण गिटहब, जिरा, पगाराचं सॉफ्टवेअर, ग्राहकाचं पोर्टल, क्लाउडचं कन्सोल अशा कितीतरी ठिकाणी त्याचं खातं जिवंतच असतं. ते कुठे कुठे आहे हे एखाद्याच ॲडमिनला ठाऊक असतं, आणि कधीकधी सोडून गेलेला माणूस तोच असतो.

कोण आत येतोय हे तपासायचं, त्याला कुठवर जाऊ द्यायचं हे ठरवायचं आणि वेळ आली की त्याला बाहेर काढायचं, हे काम क्लाउडवरून, म्हणजे इंटरनेटवरून, भाड्याने करून देणाऱ्या कंपन्यांचा धंदा आज अब्जावधी डॉलरचा आहे. दहा पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट संपेल, असं त्यांच्या जाहिराती सांगतात. माझ्या मते कंपन्यांचे मालक पैसे मोजतात ते वरच्या प्रश्नासाठी. पासवर्डच्या कटकटीसाठी कुठला मालक दरमहा डॉलरमध्ये बिल भरेल?

संगणकावरचा पासवर्ड आला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, 1961 च्या सुमारास. फर्नांडो कोर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस नावाची यंत्रणा उभी केली होती. एकच मोठा संगणक अनेक जण वाटून वापरत. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाला वाटून दिलेला वेळ मोजता यावा म्हणून पासवर्ड ठेवला गेला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने पासवर्डची अख्खी फाईल छापून काढली. कारण साधंच होतं: त्याला मिळालेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता. म्हणजे पासवर्ड आणि पासवर्डची चोरी यांच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर आहे. 1970 च्या दशकात युनिक्स या संगणक-यंत्रणेने पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचं उलट न फिरवता येणारं रूप साठवायला सुरुवात केली. 1980 च्या दशकात एमआयटीतच कर्बेरॉस तयार झालं: एकदा ओळख पटवायची, तिकीट घ्यायचं आणि तेच तिकीट जाळ्यातल्या बाकीच्या सेवांना दाखवायचं. 1993 मध्ये मिशिगन विद्यापीठातून एलडॅप आलं. संस्थेतल्या माणसांची एकच यादी आणि तिला विचारण्याची सोपी पद्धत, असं त्याचं स्वरूप.

मायक्रोसॉफ्टने हे धागे एकत्र विणले आणि विंडोज 2000 सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी बाजारात आणली. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांपासून बँकांच्या मुख्य कार्यालयांपर्यंत, जिथे जिथे सर्व्हर रूम होती तिथे हळूहळू ही डिरेक्टरी पोचली. आज तिला जुनाट म्हणून नाकं मुरडतात, पण नोकरी सोडणाऱ्याचा प्रश्न तिने बराचसा सोडवला होता. ॲडमिनने एका खात्यावर उजवं क्लिक करून ते बंद केलं, की माणूस फाईल सर्व्हर, प्रिंटर, ईमेल सगळ्यांतून एकदम बाहेर. असं होऊ शकत होतं, कारण सगळं एकाच इमारतीत, एकाच जाळ्यात होतं.

मग सॉफ्टवेअर इमारतीबाहेर जाऊ लागलं. 1999 मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने विक्रीचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधून भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि तिच्या मागून पगार, हजेरी, भरती, हिशेब, तक्रारनोंदणी असं एकेक काम बाहेर निघालं. विभागप्रमुख क्रेडिट कार्डावर वर्गणी भरत आणि आयटी विभागाला ते बिल आल्यावर कळे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं खातं बंद केलं तरी या बाहेरच्या खात्यांना त्याचा पत्ताच नसे.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रणांनी एकमेकींच्या ओळखीवर विश्वास कसा ठेवायचा, याचं तांत्रिक उत्तर सॅमल या मानकाने दिलं. त्याची पहिली आवृत्ती 2002 ची, दुसरी मार्च 2005 ची. तुम्ही बाहेरचं सॉफ्टवेअर उघडता. ते तुम्हाला तुमच्या कंपनीच्या ओळख-सेवेकडे पाठवतं. ती सेवा तुम्हाला तपासते आणि ‘हा अमुक माणूस, आत्ताच तपासला’ असा डिजिटल सहीचा दाखला देते. सॉफ्टवेअर सही पडताळतं आणि आत घेतं. पासवर्ड त्या सॉफ्टवेअरकडे जातच नाही. पुढे 2012 मध्ये ओऑथची दुसरी आवृत्ती आणि 2014 मध्ये ओपनआयडी कनेक्ट आलं. ‘गुगलने लॉगिन करा’ हे बटण त्याच घराण्यातलं. हा दाखला आत घेण्याचा होता. बाहेर काढण्यासाठी, म्हणजे एका जागी खातं बंद केलं की बाकीच्या सेवांतही ते आपोआप बंद व्हावं यासाठी, स्किम नावाचं मानक लागलं. त्याची आजची आवृत्ती सप्टेंबर 2015 ची. या विषयावरच्या लेखांत स्किमचा उल्लेख क्वचितच सापडतो. सुरुवातीच्या प्रश्नावलीतल्या त्या अडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यातच आहे.

क्लाउडवरच्या ओळख-सेवेची कल्पना याआधी एकदा आपटली होती. मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये पासपोर्ट नावाची सेवा आणली: सगळ्या वेबसाइटींसाठी एकच खातं, तेही मायक्रोसॉफ्टकडे. एवढी सत्ता एका कंपनीच्या हाती नको म्हणून 2001 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या पुढाकाराने लिबर्टी अलायन्स उभी राहिली आणि पासपोर्टचं ते स्वप्न बारगळलं. गंमत अशी, की आज कार्यालयीन लॉगिनच्या बाजारात सर्वांत मोठं नाव मायक्रोसॉफ्टचंच आहे. तिची ॲझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी 2013 मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि 2023 मध्ये तिचं नाव एंट्रा आयडी झालं. ऑफिस सॉफ्टवेअरच्या वर्गणीसोबत ती आपोआप येते. नागपुरातल्या अनेक कंपन्यांनी ती अशीच ‘घेतली’, वेगळा निर्णय न घेता.

वेगळा निर्णय घ्यायला लावणारी कंपनी म्हणजे ओक्टा. सेल्सफोर्समधून बाहेर पडलेले टॉड मॅकिनन आणि फ्रेडरिक केरेस्ट यांनी ती 2009 मध्ये काढली. ग्राहक क्लाउडवर आले की लॉगिनचा गुंता कसा होतो, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. एप्रिल 2017 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षातली तिची विक्री सुमारे 16 कोटी डॉलर होती. जानेवारी 2025 मध्ये संपलेल्या वर्षात ती सुमारे 261 कोटी डॉलरवर गेली. मला बाजारवाढीचा हा पुरावा बाजार-अहवालांपेक्षा भरवशाचा वाटतो. अहवालांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी त्यात फक्त क्लाउडवरची सेवा धरतं, कुणी बसवून देण्याची फी मिळवतं, कुणी ग्राहकांची लॉगिनही मोजतं. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या गठ्ठ्यात आलेल्या ओळख-सेवेची किंमत वेगळी कशी काढायची, हा प्रश्न उरतोच.

भारतात हा प्रवास थोड्या वेगळ्या वाटेने झाला. नोकरदार माणसाला लॉगिनची दुसरी पायरी कार्यालयाने शिकवली नाही, बँकेने शिकवली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासून कार्डावरच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली आणि काही वर्षांत ओटीपी हा घरोघरचा शब्द झाला. त्याच वर्षी आधार प्राधिकरण स्थापन झालं. पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आधार आणि कर्मचाऱ्याचं लॉगिन या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण मांडणी सारखी आहे: तपासणारी जागा एक, तिला ‘हाच का तो माणूस?’ असं विचारणाऱ्या सेवा अनेक. त्यामुळे पुढे कार्यालयाने फोनवर ‘मंजूर करा’ असं बटण पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

माहिती देशाबाहेर ठेवायची नाही, हा बँका आणि सरकारी कंपन्यांचा क्लाउडवर आक्षेप होता. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टची आणि 2016 मध्ये ॲमेझॉनची डेटा सेंटर भारतात सुरू झाल्यावर त्याची धार कमी झाली. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटींहून अधिक रक्कम लांबवली गेली. तो हल्ला मुख्यतः एटीएमच्या यंत्रणेवरचा होता, कर्मचाऱ्याच्या लॉगिनचा मामला नव्हे. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट लागू केली आणि कुणाला कुठवर प्रवेश आहे हे दाखवणं या बँकांनाही भाग पडलं. विदर्भातल्या ज्या सहकारी बँकेत एकाच काउंटरचा आयडी तिघे वापरत, तिथे हा बदल सोपा नव्हता.

आणि मग मार्च 2020. पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी मुलं लॅपटॉप घेऊन नागपूर, वर्धा, अमरावतीला घरी परतली. कंपन्यांनी आधी व्हीपीएनची लायसन्सं वाढवली. पण व्हीपीएन आत घेतं ते थेट कार्यालयाच्या जाळ्यात, आणि एकदा आत गेलेला माणूस कुठे कुठे फिरतो याची फारशी चौकशी तिथे होत नाही. मे 2021 मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही इंधनाची पाइपलाइन बंद पडली, ती वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून हल्लेखोर शिरल्यामुळे. त्यावर दुसरी पडताळणी नव्हती. आत आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक वेळी तपासायचं, हा ‘झीरो ट्रस्ट’चा विचार फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरवाग यांनी 2010 मध्येच मांडला होता, त्याला गिऱ्हाईक मिळालं ते आता. भारतात नियमही सैल झाले. नोव्हेंबर 2020 मध्ये दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरची बंधनं उठवली, आणि जुलै 2022 मध्ये सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांना निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत घरून काम देण्याची मुभा मिळाली. मिहानमधल्या सेझच्या आयटी कंपन्या त्यात आल्या.

नागपूरकरांना यातला बदल समजायला हिवाळी अधिवेशन पुरेसं आहे. डिसेंबरात सरकार इथे यायचं म्हणजे मुंबईहून फायलींचे गठ्ठे यायचे. फाईल जिथे, तिथे अधिकार. ई-ऑफिस या सरकारी फायलींच्या ऑनलाइन व्यवस्थेत फाईल कुठेच जात नाही. मंत्रालयातला अधिकारी सिव्हिल लाइन्समध्ये बसला तरी यंत्रणेला त्याची जागा नको असते, तोच आहे याचा पुरावा हवा असतो.

वाढीसोबत धोकाही एकवटला. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या एकाच शेजाऱ्याकडे ठेवल्या, की चोराला एकच घर फोडावं लागतं. ऑक्टोबर 2023 मध्ये ओक्टाच्या ग्राहक-मदत यंत्रणेत चोर शिरले. कंपनीने नंतर सांगितलं, की एका सर्व्हिस अकाउंटचा (माणसाच्या नव्हे, यंत्रणेच्या वापराच्या खात्याचा) पासवर्ड कर्मचाऱ्याच्या खासगी गुगल खात्यात साठवला गेला होता. जगाला लॉगिन सांभाळून देणाऱ्या कंपनीचं घोडं ब्राउझरच्या ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ या खिडकीशी अडलं. तरी बाजार थांबला नाही. 2022 मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीने सेलपॉइंट आणि पिंग आयडेंटिटी या ओळख-सेवेच्या कंपन्या विकत घेतल्या; जुलै 2025 मध्ये पालो अल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीने सायबरआर्क सुमारे 25 अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली. सायबरआर्कचा मूळ धंदा ॲडमिनच्या आणि यंत्रांच्या खात्यांवर पहारा ठेवण्याचा. माणूस निदान राजीनामा देतो. प्रोग्रामने प्रोग्रामला बोलायला उघडलेली खाती कोण बंद करणार, हा आता मोठ्या ग्राहकांचा प्रश्न झालाय.

इथे कायद्याचा रेटा आहेच. एप्रिल 2022 च्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या आदेशानुसार सायबर हल्ल्यासारखी घटना 6 तासांत कळवावी लागते आणि नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत आहे. कोण केव्हा आत आला याच्या नोंदी वर्षभर ठेवा, असं हे नियम सांगतात. 200 माणसांच्या नागपुरी कंपनीने एंट्राची माणशी दरमहा सुमारे 6 डॉलरची पातळी सगळ्यांसाठी घेतली, तर महिन्याचं बिल लाखाच्या घरात जातं. म्हणून अनेक जण पूर्ण वर्गणी घेतात ती ऑडिटमध्ये दिसणाऱ्या विभागापुरती, आणि बाकीच्यांचं जुनंच चालू राहतं.

माणशी दरमहा किमतीचा हा बाजार इतवारीतल्या व्यापाऱ्यापर्यंत पोचलेला नाही. त्याची सगळ्यांत मोलाची डिजिटल ओळख म्हणजे जीएसटीचं लॉगिन. 2017 मध्ये नोंदणीच्या घाईत ते बहुतेक वेळा हिशेबनिसाने किंवा सल्लागाराने काढलं, मोबाईल क्रमांकही स्वतःचाच टाकला. तो माणूस बदलला की ओटीपी जुन्याच फोनवर. तक्रारी इतक्या वाढल्या, की 2018 मध्ये अर्थ मंत्रालयाला त्यासाठी वेगळी कार्यपद्धती जाहीर करावी लागली: व्यापाऱ्याने कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीतल्या कर अधिकाऱ्याकडे जायचं, अधिकारी खात्री करून नवा ईमेल आणि मोबाईल नोंदवणार, आणि मग पासवर्ड बदलायचा.