ली स्मिथच्या दोन कादंबऱ्या: एक ऐकलेली, एक लिहिलेली

अमेरिकन लेखिका ली स्मिथच्या या दोन कादंबऱ्यांची गल्लत हमखास होते. ‘ओरल हिस्ट्री’ १९८३ ची, ‘फेअर अँड टेंडर लेडीज’ १९८८ ची. दोन्ही घडतात व्हर्जिनियाच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत. लेखिका तिथल्याच ग्रंडी या कोळशाच्या पट्ट्यातल्या गावात वाढली. दोन्हींत डोंगरातलं एक घर, त्यातल्या बायकांच्या पिढ्या, आणि हळूहळू आत शिरणारी कोळशाची खाण. (अमेरिकेची दक्षिण म्हटल्यावर कापसाचे मळे आणि उंच खांबांचे वाडे आठवत असतील, तर ते इथे सापडणार नाहीत.)

पण घराण्याची कादंबरी खऱ्या अर्थाने म्हणायची ती ‘ओरल हिस्ट्री’. जेनिफर ही कॉलेजातली मुलगी आजोळच्या झपाटलेल्या घरातले आवाज टिपायला टेपरेकॉर्डर ठेवायला येते आणि तिथून गोष्ट मागे जाते: अल्मरीन कँट्रेल, चेटकीण ठरवलेली रेड एमी, अल्मरीनची बायको प्राइसी जेन, मुलगी डोरी, डोरीची मुलगी पर्ल. सोन्याच्या कुड्या एकीकडून दुसरीकडे जातात, तसा शापही जातो, असं लोक म्हणतात. ‘लोक म्हणतात’ हीच खरी मेख. सुईणपण करणारी म्हातारी ग्रॅनी यंगर बोलते, रिचमंडहून आलेला मास्तर रिचर्ड बर्लेज डायरी लिहितो, डोरीचा नवरा लिटल लूथर बोलतो. डोरी मात्र बोलत नाही. जिच्यावर सगळे जीव टाकतात, तिच्या मनात काय होतं हे आपल्याला तिच्या तोंडून कधीच कळत नाही. रिचर्ड पुढे कॅमेरा घेऊन परत येतो, तरी ती त्याच्या हाती लागत नाहीच. रेड एमीलाही स्वतःची बाजू मांडायची संधी मिळत नाही. ती खरंच चेटकीण होती की गावाने टाकलेली एक बाई, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. मला वाटतं, पुस्तकातला सगळ्यात धारदार भाग तोच.

‘फेअर अँड टेंडर लेडीज’मध्ये याच्या नेमकं उलट. तिथे बोलते फक्त आयव्ही रो, आणि तीही पत्रांतून. पोरवयात सुरू झालेली पत्रं १९७० च्या दशकापर्यंत चालतात. आई, बहिणी, मुलगी जोली, नातवंडं सगळी येतात, पण आयव्हीच्या नजरेतून. सुरुवातीचं तिचं स्पेलिंग भयंकर आहे. वय वाढतं तसं ते सुधारतं. बहीण सिल्वेनी वेड्यांच्या इस्पितळात इन्फ्लुएंझाच्या साथीत मरते, तरी आयव्ही तिला पत्रं लिहीतच राहते, आणि म्हातारपणी ती पत्रं स्वतःच्या हाताने जाळून टाकते. लग्न, लग्नाआधीचं मूल, मधमाश्या पाळणाऱ्या हनी ब्रीडिंगबरोबर डोंगरावर पळून जाणं, हे सगळं ती कुणाची परवानगी न मागता सांगते. डोरीवर दुसऱ्यांनी दंतकथा रचली. आयव्हीने तेवढी फुरसत कुणाला दिलीच नाही.

आधी कोणती वाचावी? आयव्हीची. स्पेलिंगने पहिली काही पानं अडखळाल, मग सरावाल. ‘ओरल हिस्ट्री’ नंतर घ्या आणि शेजारी कागद ठेवून वंशावळ लिहीत चला, कारण निवेदक बदलला की कोण कुणाचं कोण हे पुन्हा जुळवावं लागतं.