रीयुनियन तप्तस्थल

हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली, पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातून उष्ण खडक वर येत राहिल्याने टिकून असलेले ज्वालामुखी-स्थान. बेटावरील पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागृत आहे. दख्खनचे लाव्हाथर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी याच तप्तस्थलामुळे पसरले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. मुंबईच्या आयआयटीतील हेतू शेठ आदींनी मात्र अशा वर येणाऱ्या खडकाच्या झोताची, म्हणजे प्रावरणझोताची, गरजच नाकारली असून ते भूखंडाच्या फाटण्यावर भर देतात.

या थरांची दक्षिण कड बेळगाव जिल्ह्यात येते. गोकाककडे काळा दगड संपून कलादगी गटाचे कितीतरी जुने वालुकाश्म उघडे पडतात, घटप्रभेचा सु. ५२ मी. उंचीचा धबधबा त्यांवरूनच कोसळतो. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या भागाचे भूवैज्ञानिक वर्णन १८७६ मध्ये प्रसिद्ध केले.

बेळगाव-खानापूर लोहमार्गावरील देसूर गावाचे नाव लाव्हाच्या एका शैलसमूहाला (एकसारख्या थरांच्या गटाला) मिळाले आहे. दख्खनच्या थरांपैकी वाई उपगटात खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर असा क्रम लावतात. देसूरच्या थरांत स्ट्राँशियम समस्थानिकांचे (त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचे) गुणोत्तर पन्हाळ्यापेक्षा ठळकपणे जास्त भरते. वर येताना शिलारसात भूखंडीय कवचाचा अंश मिसळल्याचे ते लक्षण समजतात. त्यावरून हा शैलसमूह वेगळा काढला गेला. थराची जाडी आणि विस्तार बेताचा असल्याने तो पन्हाळ्याचाच एक घटक धरावा, असेही मत असून ते अधिक सावध वाटते. नमुन्यांची अडचण आहेच. इथे वर जांभा, त्याखाली मुरूम आणि मग कुठे काळा दगड लागतो. विश्लेषणाला न कुजलेला खडक हवा. तो खाणीत किंवा नव्या विहिरीच्या तळाशी सापडला तर सापडला. थर दक्षिणेकडे येतील तसे वरचे, म्हणजे नंतरचे, शैलसमूह थेट जुन्या खडकांवर टेकलेले दिसतात. भारताचा भूपट्ट झोतावरून उत्तरेला सरकत होता, याचा हा एक पुरावा मानला जातो.

पन्हाळा व देसूर थरांचे चुंबकत्व आजच्या दिशेचे असून ते २९ व्या चुंबकीय कालखंडाच्या (पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा उलटण्यावरून हे कालखंड पाडतात; लहान क्रमांक म्हणजे नंतरचा काळ) उत्तरार्धात मोडतात. अरबी समुद्राच्या तळावरील त्या-त्या वेळची चुंबकदिशा जपणारे सर्वांत जुने निर्विवाद चुंबकीय पट्टे २८ व्या-२७ व्या कालखंडांचे असावेत. म्हणजे लाव्हा ओसरल्यावर, भूवैज्ञानिक मापाने लगोलग, सेशेल्स भारतापासून सुटले व मधल्या कार्ल्सबर्ग रांगेवर नवा समुद्रतळ तयार होऊ लागला. समुद्रतळाच्या अशा पट्ट्यांचा अर्थ फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये लावला, तो याच रांगेवरील मोजणीच्या आधारे.

मध्य महासागरी रांगेवर जन्मलेले शिलावरण (भूपट्टाचा कठीण थर) दूर सरकते, निवते, जाड होते आणि खचते. रांगेचा माथा सु. २·५ किमी. खोल असतो, पुढे खोली वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दहा लाख वर्षे हे एकक धरल्यास गुणक सु. ०·३५ किमी. येतो. त्यानुसार ६ कोटी वर्षांचा तळ ५·२ किमी. खोल हवा. उत्तर अरबी समुद्रात सिंधूच्या गाळाने तो पुष्कळ वर आणला आहे. सु. ७ कोटी वर्षांपेक्षा जुन्या तळाची खोली या नियमाने सांगितली त्यापेक्षा कमी भरते. शिलावरणाची जाडी पुढे वाढतच नाही असे मानणारे प्रतिमान येथे अधिक जुळते. मात्र ही कमाल जाडी पार्सन्स व स्क्लेटर (१९७७) यांनी १२५ किमी. दिली, तर स्टाइन व स्टाइन (१९९२) यांनी ९५ किमी.

तप्तस्थलाच्या वाटेवर नेहमीचे ६–७ किमी.चे सागरी कवच बरेच जाड झाले. लक्षद्वीप-मालदीव-चागोस कटक (समुद्रातली डोंगररांग) ही तीच वाट; तिथली प्रवाळबेटे बुडालेल्या ज्वालामुखी खडकावर वाढली आहेत. १९८७ च्या सागरी वेधनात ज्वालामुखी खडकाचे वय मालदीवजवळ सु. ५·७ कोटी, तर चागोसजवळ सु. ४·९ कोटी वर्षे आले. पुढे, बहुधा ३·६ कोटी वर्षांच्या सुमारास, मध्य हिंदी महासागरी रांग तप्तस्थलावरून सरकली आणि वाट तुटली. तेव्हापासूनचा माग आफ्रिकी भूपट्टावर, मॉरिशस-रीयुनियनच्या बाजूला आहे. पूर्व-पश्चिम रॉड्रिग्ज कटक या वाटेत बसत नाही. झोतातील द्रव्य रांगेकडे ओढले जाऊन तो बनला असावा.