गर्भारपणातील जलसंतुलन

गर्भवती स्त्रीच्या शरीराची पाण्याची वाढती गरज भागवून त्याचा तोल राखणे. बोलीत याला वेगळे नाव नाही; ‘पाणी पीत जा गं’ एवढ्यावर सल्ला संपतो.

दिवस राहिल्यानंतर काही आठवड्यांतच रक्तातील द्रवभाग वाढू लागतो आणि ३२ ते ३४ व्या आठवड्यापर्यंत तो ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेला असतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण त्या मानाने कमी. त्यामुळे रक्त पातळ होते आणि हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येतो. मूत्रपिंडांतून गाळल्या जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण सुमारे निम्म्याने वाढते. मेंदूला तहानेची जाणीवही एरवीपेक्षा लवकर होते. म्हणजे गरोदर बाईला सारखी तहान लागते हा दोष नव्हे, शरीराने बदललेला हिशेब आहे. (तहान फारच वाढली, लघवीही फार होऊ लागली तर मात्र रक्तातील साखर तपासून घ्यावी.)

बाळाभोवतीचे पाणी, म्हणजे गर्भजल, ही निराळी गोष्ट. सोनोग्राफीनंतर ‘पाणी कमी आहे’ असे ऐकू आले की घरात शहाळ्यांची रांग लागते. पण प्यायलेले पाणी थेट पिशवीत जात नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भजल मुख्यतः आईच्या रक्तातून पाझरते. पुढे त्यातला मोठा वाटा बाळाच्या लघवीचा असतो, आणि बाळ तेच पाणी गिळतही असते. ३४ व्या आठवड्याच्या सुमारास ते साधारण ८०० मिलिलिटर भरते, नंतर कमी होत जाते. गर्भजल निर्देशांक, म्हणजे सोनोग्राफीत पोटाच्या चार भागांत मोजलेल्या पाण्याच्या खोलीची बेरीज, ५ सेंटिमीटर किंवा त्याखाली असेल तर पाणी कमी मानतात. अशा स्त्रियांनी भरपूर पाणी प्यायल्यास हा आकडा काहीसा वर येतो, असे चाचण्यांत दिसले आहे. मूळ कारण वारेत किंवा बाळाच्या मूत्रपिंडांत असेल, तर शहाळ्याने ते बरे होत नाही. शहाळ्यामुळे बाळ गोरे होते या समजुतीला तर काहीच आधार नाही.

किती प्यावे? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये गर्भवतीसाठी दिवसाला २.३ लिटर हे प्रमाण दिले. अमेरिकेतील प्रमाण ३ लिटर आहे. दोन्हींत जेवणातले पाणीही धरलेले आहे, हे सांगताना बहुतेकदा विसरले जाते. वरण, आमटी, ताक, भाकरीबरोबरची पातळ भाजी हे सगळे त्यात मोजायचे. युरोपीय आकडा मध्यम हवामान आणि मध्यम श्रम गृहीत धरून काढला आहे. मे महिन्यात चंद्रपुरात शेतावर राबणारीला तो पुरणार नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे साधारणपणे पाणी पुरेसे आहे, हा सोपा अंदाज. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी तो गडद पिवळा होतो, एवढे लक्षात ठेवावे.

पहिल्या तिमाहीत पोटावरून सोनोग्राफी करायची तर मूत्राशय भरलेले लागते. म्हणून केंद्राबाहेरच्या बाकावर लिटरची बाटली हातात धरून ‘लघवी लागली का?’ या प्रश्नाची वाट पाहणाऱ्या बायका दिसतात. मोजून पाणी प्यायचा प्रसंग नऊ महिन्यांत पुष्कळींवर तेवढाच येतो.

बाई कमी पाणी पिते, ते तहान नसते म्हणून क्वचितच. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेले जोडपे, ज्याला ‘कोयता’ म्हणतात, हंगामभर उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहते. पहाटेच काम सुरू होते, ऊस तुटत जातो तसा आडोसाही जातो, आणि गरोदर बाई दुपारपर्यंत घोट-दोन घोटांवर काढते. लोकलने दीड तास प्रवास करणारी किंवा दुकानात दिवसभर उभी राहणारीही घरून निघताना पाणी टाळते. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाब मूत्राशयावर येतो, तासाभराने जावेसे वाटते, तेव्हा हे टाळणे आणखी वाढते. संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात आणि लघवी सावकाश उतरते. त्यात ती तुंबवून ठेवली की जंतुसंसर्गाला वाव मिळतो. तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो, वेळेआधी प्रसूतीचीही भीती असते. त्यामुळे किती लिटर हे सांगण्याआधी शौचालय किती लांब आहे हे विचारायला हवे.

पाणी कमी पडले की कळा सुरू होतात, असेही सर्रास म्हणतात. पाणी पिऊन आडवे झाल्यावर खोट्या कळा अनेकदा थांबतात, हे खरे. मात्र सलाइन लावल्याने अकाली प्रसूती टळते, असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही.

उलट्या होत असताना गटागटा प्यायलेले पाणी बाहेरच पडते. साळीच्या लाह्या भिजवून गाळलेले पाणी चमच्याचमच्याने देण्याची घरगुती रीत इथे अगदी योग्य आहे. कोकणात पेज, देशावर नाचणीची आंबील, उन्हाळ्यात कोकम सरबत चालते; गर्भारपणातील मधुमेह असेल तर सरबतातील साखर जपावी. जलसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचे, पेल्याभर पाण्यात नव्हे. पाण्याचा घोटही टिकत नसेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल किंवा वजन घटू लागले असेल, तर दवाखाना गाठावा.

पाय सुजले म्हणून पाणी तोडणे चूक आहे. चेहरा आणि हात अचानक सुजले, डोके दुखू लागले तर रक्तदाब तपासावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

पाणी भरपूर असून अशुद्ध असेल तर धोका उलट वाढतो. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरणारी ‘हेपॅटायटिस ई’ ही कावीळ एरवी बहुधा आपोआप बरी होते. शेवटच्या तिमाहीत ती झाल्यास मात्र २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली काविळीची साथ याच विषाणूची होती. साथीच्या दिवसांत नुसते गाळलेले पाणी पुरत नाही. ते खळखळून उकळावे लागते.

प्रसूतीनंतर गरज घटत नाही, वाढते: अंगावर पाजणाऱ्या स्त्रीसाठी युरोपीय प्रमाण एरवीपेक्षा दिवसाला ७०० मिलिलिटर जास्त आहे. तरीही पोट सुटेल या भीतीने बाळंतिणीचे पाणी तोडणारी घरे आहेत. बाळंतशेपा घालून उकळलेले कोमट पाणी देण्याच्या पद्धतीत गैर काही नाही, फक्त ते वाटीने न देता तांब्याने द्यावे.