आयोवाचं पाणी आणि जमिनीखालचे पाइप

१२ जून २०२५ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या राजधानीत, डे मॉइनमध्ये आणि आसपासच्या गावांत फर्मान निघालं: हिरवळीला पाणी घालायचं नाही. जवळपास सहा लाख लोकांना ते लागू होतं. नद्यांना पाणी भरपूर होतं, पण त्यात नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, इतकं होतं की शुद्धीकरण केंद्रं पूर्ण क्षमतेने चालवूनही पुरी पडत नव्हती. नायट्रेटपायी अशी बंदी तिथे पहिल्यांदाच आली. बातमी २०२५ची असली, तरी शेती आणि शहर यांच्या या भांडणाची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचं मूळ जमिनीखाली तीन-चार फुटांवर सापडतं.

उत्तर-मध्य आयोवा हिमनद्यांनी रंधा मारल्यासारखा सपाट केलेला प्रदेश. पाणी वाहून जायला उतारच नाही, त्यामुळे जागोजागी पाणथळ आणि मधे पुरुषभर उंचीचं गवत. १८५०च्या कायद्याने दलदलीच्या जमिनी राज्यांकडे आल्या, त्या कोरड्या करून लागवडीखाली आणाव्यात म्हणून. वसाहतवाल्यांनी हाताने चर खणून भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या. तिथे त्यांना ‘टाइल’ म्हणतात. आपली फरशी नव्हे. आपल्याकडे शिरोळ-वाळवा भागात क्षारपड जमिनीसाठी सच्छिद्र पाइप पुरतात, तोच हा प्रकार. फक्त इथे मीठ धुऊन काढायचं असतं आणि तिथे वसंतात लवकर वाफसा यावा एवढीच अपेक्षा. एकट्याचा पाइप शेजाऱ्याच्या बांधापाशी अडतो, म्हणून निचरा मंडळं उभी राहिली. १९०८ साली आयोवाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून त्यांना पक्का आधार दिला गेला. जमीनमालकांवर आकारणी बसवायची, पाइप आणि चर राखायचे, पाणी बाहेर काढायचं, एवढाच त्यांचा अधिकार. हा ‘एवढाच’ पुढे फार कामाला आला.

या पाइपाचं तोंड जवळून पाहिलं तर शंका घ्यावी असं काहीच दिसत नाही. ओढ्याच्या काठातून हातभर प्लॅस्टिक नळी बाहेर आलेली असते, पूर्वी ती मातीची असायची. तिच्यातून पडणारी धार इतकी नितळ असते की ओंजळ धरावीशी वाटेल. गाळ मातीतच अडतो, पण नायट्रेट पाण्यात विरघळून येतं. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीतल्या नायट्रेटमुळे तान्ही बाळं निळी पडतात, हे १९४५ साली प्रथम मांडलं तेही आयोवाच्याच एका डॉक्टरने, हंटर कॉम्ली यांनी. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन (म्हणजे नायट्रेटमधलं फक्त नत्र मोजून) ही आजची मर्यादा मुळात या बाळांसाठी ठरली.

नळ्या होत्या तरी सुरुवातीला एवढा त्रास नव्हता. शेतात ओट होते, चाऱ्याचं गवत होतं, गुरांची कुरणं होती. म्हणजे जमिनीत बारमाही मुळं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नत्रखत स्वस्त झालं, सोयाबीन पसरलं आणि मका-सोयाबीन, मका-सोयाबीन असा दोन पिकांचा फेरा उरला. एप्रिल-मेमध्ये पाऊस झोडपतो तेव्हा रान उघडंच असतं किंवा रोपं बोटभर असतात. नत्र धरून ठेवायला कोणी नाही आणि खाली पाइप तयार.

मग १९८०चं दशक आलं. कर्जाचे व्याजदर कडाडले, त्यातच सोव्हिएत संघाला धान्य विकायला बंदी झाली. १९८१ साली सरासरी एकरी २,१४७ डॉलरवर असलेली आयोवाची जमीन १९८६ साली ७८७ वर आली. लिलाव झाले, बँका बुडाल्या, गावं रिकामी झाली. जे टिकले ते मोठे झाले. शेतकऱ्यावर नियम लादू म्हणणारा इथे निवडून येत नाही, त्यामागे माझ्या मते ही आठवण बरीच आहे. १९९५ साली राज्याने डुकरांच्या मोठ्या गोठ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, अधिकारच काढून घेतला. आज माणसं ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. त्यांचं खतही त्याच रानात जातं.

आयोवा जगाला जेवू घालतो, हा तिथला अभिमान. तो पोकळ नाही: हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग इथलेच, आणि जागतिक अन्न पुरस्कार डे मॉइनमध्ये दिला जातो. १९९८ साली तो जालन्याचे बियाणे उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला होता. पण इंधनात जैवइंधन मिसळणं बंधनकारक करणाऱ्या २००५ आणि २००७च्या केंद्रीय कायद्यांनंतर इथल्या मक्याचा निम्म्याहून अधिक वाटा इथेनॉलला जातो, हे त्या अभिमानाच्या भाषणांत फारसं येत नाही.

नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या डे मॉइन शहराने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढणारं केंद्र बांधलं. तेव्हा ते जगातलं अशा प्रकारचं सर्वांत मोठं मानलं गेलं. २०१५ साली ते १७७ दिवस चालवावं लागलं, खर्च सुमारे १५ लाख डॉलर. त्याच वर्षी मार्चमध्ये शहराला पाणी पुरवणाऱ्या डे मॉइन वॉटर वर्क्सने वरच्या अंगाच्या सॅक, कॅल्हून आणि ब्युना व्हिस्टा या तीन काउंटींतल्या निचरा मंडळांवर खटला भरला. १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यात कारखान्याच्या नळीला परवाना लागतो, शेतावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याला लागत नाही. वॉटर वर्क्सचे प्रमुख बिल स्टो यांचा सवाल साधा होता: ही नळीच आहे ना? डे मॉइनने ग्रामीण आयोवाविरुद्ध युद्ध पुकारलं, अशी भाषा गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी केली.

सवालाचं उत्तर मिळालंच नाही. जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निचरा मंडळांकडून भरपाई मागता येत नाही. मार्चमध्ये संघीय न्यायाधीशांनी खटला काढून टाकला: मंडळांना पाणी बाहेर काढण्यापलीकडे अधिकारच नाहीत, तर ती ते स्वच्छ कसं करणार? त्याच सुमारास विधिमंडळात वॉटर वर्क्सचं मंडळच मोडीत काढणारं विधेयक आलं. ते मंजूर झालं नाही, पण इशारा पोचला. स्टो २०१९ साली वारले.

राज्याचं धोरण २०१३ पासून एकच आहे: ऐच्छिक. नायट्रोजन आणि फॉस्फरस ४५ टक्क्यांनी घटवायचं, पण सक्ती कोणावर नाही. २०२३ साली नद्यांतलं नायट्रेट मोजणाऱ्या संवेदकांचा निधीही विधिमंडळाने दुसरीकडे वळवला. २०२५च्या जुलैत पोक काउंटीने करवून घेतलेला अभ्यास बाहेर आला. मध्य आयोवातल्या दोन मुख्य नद्यांतलं सुमारे ८० टक्के नायट्रेट शेतीतून येतं, असं त्यात होतं. कर्करोगाच्या प्रमाणात राज्य देशात दुसरं आलं असताना तो वाचला गेला. दोहोंचा थेट संबंध सिद्ध नाही, तरी लोकांच्या मनात तो जोडला गेला आहेच.

आणि मतदारांनी काही केलं नाही असंही नाही. २०१० साली ६३ टक्क्यांनी घटनादुरुस्ती मंजूर करून पाणी आणि जमिनीसाठी निधी स्थापन केला. पुढे कधी विक्रीकर वाढला, तर त्यातला पहिला तीन-अष्टमांश टक्का या निधीत जायचा होता. विधिमंडळाने तो कर वाढवलाच नाही. २०२५च्या जूनमध्ये हिरवळी वाळत होत्या तेव्हा खातं जवळपास पंधरा वर्षांचं होतं, आणि त्यात एक सेंटही नव्हता.