हवेइतक्या हलक्या पडद्याचा आवाज

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरबद्दलची मतं बहुधा टोकाची असतात. 'मध्ये स्पीकर आहे असं वाटतच नाही, गाणारा समोर बसलाय,' असं एक जण म्हणतो. दुसरा त्याच खोलीतून बाहेर पडताना विचारतो, 'डग्ग्याचा घुमारा कुठे गेला?' इंग्लंडच्या क्वाड कंपनीने १९५७ मध्ये आपला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. ज्याची त्याची आवड म्हणून तो सोडून देणं मला पटत नाही. स्तुती आणि तक्रार या दोन्हींची कारणं त्या स्पीकरच्या बांधणीतच आहेत.

नेहमीच्या स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल हलते आणि तिला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा, म्हणजे 'कोन', हवा ढकलतो. जोर लागतो कोनाच्या मध्याशी. वरच्या स्वरांना त्याचे निरनिराळे भाग निरनिराळे थरथरू लागतात आणि त्या थरथरीचा रंग आवाजाला चढतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये कॉइल नाही आणि चुंबकही नाही. दोन सच्छिद्र जाळ्यांच्या मध्ये काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचा पॉलिएस्टरचा पडदा ताणून बसवलेला असतो आणि काही हजार व्होल्टच्या दाबाने त्याच्यावर विद्युतभार ठेवलेला असतो. अॅम्प्लिफायरकडून येणारा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने वाढवून जाळ्यांना दिला, की एक जाळी पडद्याला ओढते आणि दुसरी ढकलते. हा जोर पडद्याच्या कानाकोपऱ्यात सारखाच लागतो.

पडद्याचं वजन किती? ६ मायक्रॉन जाडीच्या एक चौरस मीटर पॉलिएस्टरचं साधारण ८ ग्रॅम. तेवढ्याच क्षेत्रफळावरच्या जेमतेम ७ मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराचंही तितकंच भरतं. त्यामुळे पडदा क्षणात हलतो आणि, त्याहून महत्त्वाचं म्हणजे, क्षणात थांबतो.

त्यातली आणखी एक खुबी बाहेरून दिसत नाही. पडद्यावरचा लेप मुद्दाम विजेला प्रचंड रोध करणारा ठेवतात. पडदा एका जाळीकडे झुकला तरी त्यावरचा भार तिकडे धावत नाही आणि जोर पडद्याच्या जागेप्रमाणे बदलत नाही. भार स्थिर ठेवण्यामागचं हे गणित हार्वर्डचे फ्रेडरिक हंट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं. क्वाडच्या पीटर वॉकर यांनी हे तत्त्व घराघरात वापरता येईल अशा स्पीकरमध्ये उतरवलं. आवाजातली विकृती इतकी कमी होण्याचं मोठं श्रेय या लेपाला आहे.

याची परीक्षा घ्यायची तर मी तानपुरा लावेन. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार बऱ्याच स्पीकरांवर बाकीच्या गुंजनात विरून जातो. चांगल्या इलेक्ट्रोस्टॅटिकवर तो सुटा, स्वच्छ कानी पडतो. माणसाचा गळा, सारंगी, व्हायोलिन यांच्या बाबतीत या स्पीकरची स्तुती मला जराही अतिशयोक्त वाटत नाही.

पण डग्ग्याची तक्रारही खरी आहे. पडदा दोन्ही बाजूंनी उघडा असल्याने त्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या उलट असतात. ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर. एवढी लांब लहर मीटरभराच्या पडद्याला सहज वळसा घालते आणि पुढची-मागची एकमेकींना खोडून काढतात. ही तूट भरून काढायची तर पडद्याने जास्त हलायला हवं, पण जाळी दोन-तीन मिलिमीटरवरच उभी असते. व्होल्टेजही मनमानी वाढवता येत नाही, कारण मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट झाले की हवेतच ठिणगी पडते. अमेरिकेतल्या मार्टिनलोगन कंपनीने बऱ्याच मॉडेलांत खालच्या स्वरांसाठी कोनाचा वूफर जोडला. त्यावर 'खर्ज पडद्याच्या आवाजामागून रेंगाळत येतो' असा आक्षेप येतो. दोन वेगळ्या चालींचे आवाज जुळवणं अवघड असतं, त्यामुळे तोही नेहमीच चुकीचा नसतो.

'डोकं जरा हललं की आवाज बदलतो,' ही तिसरी तक्रार. १०,००० हर्ट्‌झची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. रुंद सपाट पडदा तिला झोतासारखी सरळ फेकतो. यावर वॉकर यांनी काढलेला तोडगा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या क्वाडच्या ईएसएल-६३ या स्पीकरमध्ये जाळ्यांवर एकात एक कडी आखलेली आहेत. सिग्नल आधी मधल्या कड्याला मिळतो, मग क्रमाने बाहेरच्यांना, थोड्या थोड्या उशिराने. परिणामी सपाट पडद्यातून गोल लहर निघते, जणू ती पडद्यामागे ३० सेंटिमीटरवरच्या एका बिंदूतून येते आहे.

महागड्या स्पीकरबद्दलच्या मतांत डोळ्यांचाही वाटा असतो, हे मात्र धरून चालावं. १९९४ मध्ये ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत ४० जणांना काही स्पीकर एकदा उघड आणि एकदा कापडाआड लपवून ऐकवले. समोर काय आहे हे दिसताच गुण बदलले. माणसाएवढी उंच, आरपार दिसणारी जाळी तर डोळ्यांवर हमखास छाप पाडते. म्हणून ऐकायला गेलात तर डोळे मिटून ऐका, मग उभं राहून, मग दोन फूट बाजूला सरकून. तबल्याचं ध्वनिमुद्रण सोबत न्या आणि घरी ऐकता तेवढ्याच मोठ्या आवाजात लावा.

घराचाही विचार हवा. मागून निघणाऱ्या लहरीसाठी भिंतीपासून मीटरभर तरी मोकळी जागा लागते आणि मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेमकी तीच नसते. कोकणपट्टीतल्या पावसाळी दमट हवेत भार गळू लागतो, तर साठलेल्या धुळीमुळे तडतड ऐकू येते. तिथे हे स्पीकर ठेवायचे तर खोली कोरडी ठेवण्याचा खर्चही किमतीत धरावा.